वेस्ट मांबलममध्ये मनगट सांभाळताना

मांबलम स्टेशनवर उतरलात की गर्दी तुम्हाला न विचारता पूर्वेकडे घेऊन जाते. तिकडे टी. नगर आहे, रंगनाथन स्ट्रीट आहे, साड्या आहेत, सोनं आहे, आणि २०२३ पासून स्टेशनातून थेट बस स्टँडपर्यंत नेणारा अर्ध्या किलोमीटरहून लांब स्कायवॉकही आहे. दोन दिवसांसाठी चेन्नईला आलेला पाहुणा तिकडेच जाणार. तुम्ही मात्र आज माझं ऐका आणि पश्चिमेकडे उतरा.

इकडे वेस्ट मांबलम. रूळ ओलांडले की शहराचा आवाज कमी होतो, असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही होत नाही. स्टेशन रोडवर भाजीवाले, फुलवाल्या, दुचाक्या आणि पूजेच्या सामानाची दुकानं यांची तेवढीच दाटी असते. फरक इतकाच, की इथे खरेदीला आलेले कमी आणि राहणारे जास्त. पर्यटकांच्या यादीत या भागाचं नाव सहसा नसतं. इथे बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं की मी सांगते, हात बघा.

फुलवालीचे हात बघा. मोगऱ्याच्या कळ्या दोन-दोन समोरासमोर ठेवून ती अशी गाठ मारते की आपल्याला दोरा दिसतो, गाठ दिसत नाही. गजरा विकायचं माप म्हणजे ‘मुळम’, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. (म्हणून लांब हाताच्या फुलवालीकडून घ्यावा, हा माझा फुकटचा सल्ला.) कॉफीवाल्याचा हात बघा, टंबलरमधून डवऱ्यात आणि डवऱ्यातून टंबलरमध्ये कॉफीची धार ओढणारा. पहाटे दारासमोर वाकून कोलम काढणाऱ्या बायकांची चिमूट बघा. आणि संध्याकाळी आर्य गौडा रोडवरच्या अयोध्या मंडपमसमोर गाणं चालू असेल, तर गायकाकडे नंतर बघा. आधी ऐकणाऱ्यांचे मांडीवर ताल धरणारे हात बघा.

मनगटाला तमिळमध्ये ‘मणिक्कट्टु’ म्हणतात आणि संस्कृतात ‘मणिबंध’. आपलं मनगट या दोघांच्या शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा. इथे आल्यावर मी शिकलेला हा पहिला अवघड तमिळ शब्द, कारण मला तो रोज लागत होता. माझं उजवं मनगट सात महिने दुखत होतं.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना शनिवार-रविवार सह्याद्रीत जायचे, तैलबैला, ड्यूक्स नोज, ढाक बहिरी. इंग्रजीत बीए केलं आणि कंटेंट रायटिंगच्या नोकरीने चेन्नईला आणलं. हे शहर सपाट आहे. मांबलमहून तांबरमच्या लोकलने तिसरं स्टेशन सेंट थॉमस माउंट. तिथली टेकडी, म्हणजे परंगिमलै, साधारण ३०० फुटांची. सुमारे १३५ पायऱ्या चढलात की वर चर्च आणि समोर विमानतळाची धावपट्टी. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाची पहिली पायारेषा या टेकडीजवळच मोजायला घेतली. मुलांना घेऊन एका संध्याकाळी जरूर जा. पण ज्याने कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली बघितलंय, त्याला टेकडी म्हणून ती दाखवू नका.

तरी चढणारे लोक सगळीकडे भेटतात, तसे इथेही भेटले. आठवड्यात दोन संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाची एक कृत्रिम भिंत, आणि महिन्यातून एकदा शहराबाहेरचे मोकळे खडक. हा खडक समजून घेतल्याशिवाय माझं मनगट तुम्हाला समजणार नाही.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो झालाय, त्यामुळे त्याला पायऱ्या असतात, कडा असतात, खाचा असतात. कधी अख्खा तुकडा हातात येतो हे खरं, पण जिथे धराल तिथे बहुतेक वेळा बोटांना काहीतरी कोपरा मिळतो. तमिळनाडूतला ग्रॅनाइटसारखा जुना खडक वेगळा. ऊन-पावसाने झिजून तो गोल झालेला असतो. महाबलिपुरमचा तो प्रसिद्ध ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’ डोळ्यांसमोर आणा. सुमारे २५० टनांचा तो दगड उतारावर नुसता टेकून उभा आहे. (त्याच्यावर चढायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.) अशा गोल दगडाला बोटांनी धरायला कोपराच नसतो. पूर्ण तळवा पसरून, मनगट वाकवून, घर्षणाच्या भरवशावर चिकटून राहावं लागतं. क्लाइंबर याला ‘स्लोपर’ म्हणतात. आणि वर पोहोचल्यावर माथ्यावर तळवे टेकून, कोपरं सरळ करून, अंग वर उचलावं लागतं. पोहून झाल्यावर शिडी न वापरता तलावाच्या काठावर तळवे टेकून बाहेर येता ना, अगदी तसं. तेव्हा मनगट काटकोनात मागे वाकलेलं असतं आणि अंगाचं वजन त्याच्यावर असतं.

वर चेन्नईची हवा. चॉक लावलेला हातही दोन मिनिटांत ओला होतो. घाम आला की पकड निसटते, म्हणून आपण नकळत आणखी जोरात दाबतो.

एक दिवस पडले आणि मनगट गेलं, अशी माझी कथा नाही. तशी असती तर सांगायला सोपी गेली असती. आधी करंगळीच्या बाजूला चढून झाल्यावर दुखायचं, मग चढताना, मग कुलपात किल्ली फिरवताना. मग एकदा खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठताना अशी कळ आली की मी परत खाली बसले. त्या आठवड्यात रोज अडीच हजार शब्दांचं काम होतं. क्लाइंबिंग नाही केलं तरी माझं भाडं थांबत नाही. टायपिंग थांबलं तर थांबतं.

आता थोडं आत डोकावू. मनगट म्हणजे एक सांधा नाही. कोपरापासून येणारी दोन लांब हाडं आणि त्यापुढे आठ छोटी हाडं, खड्यांसारखी एकमेकांत बसवलेली. करंगळीच्या बाजूचं लांब हाड आणि ती छोटी हाडं यांच्यामध्ये कूर्चा आणि अस्थिबंधांची एक त्रिकोणी गादी असते. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. हात फिरवताना ती दोन्ही हाडांना एकत्र धरून ठेवते आणि तळव्यावर भार आला की धक्का सोसते. स्लोपर धरणं, तळव्यावर अंग उचलणं, खालून वर धरलेल्या पकडीवर हात पिळणं, या सगळ्याचा ताण तिच्यावर येतो. तिच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मधल्या भागाला जवळजवळ नसतो. त्यामुळे ती दुखावली की बरी व्हायला वेळ घेते. माझं दुखणं हे निघालं.

तुमचं कदाचित वेगळं असेल. अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल आणि अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे झुकवली की कळ येत असेल, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज असू शकते. तान्ह्या बाळाला काखेत धरून उचलणाऱ्या आयांना हे फार होतं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटाच्या बोगद्यात शीर दाबली जात असू शकते. आणि हात टेकून पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबून दुखत असेल, तर ते नुसतं मुरगळणं समजू नका. तिथलं नौकेच्या आकाराचं छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो, किंवा एमआरआय. ते हाड तसंच राहिलं तर रक्त न पोहोचल्यामुळे पुढे मोठा त्रास देतं.

हे सगळं एकाच शब्दात, ‘मनगट दुखतं’, असं सांगितलं जातं, आणि मग उपायही एकच सुचवला जातो. पुण्याहून आईचा फोन, ‘सोड ते दगड चढणं.’ आणि घरमालकीण मामींचा पत्ता, ‘पुत्तूर कट्टु.’

पुत्तूर हे आंध्रातलं गाव. तिथल्या हाडवैद्यांची ख्याती इतकी, की चेन्नईत कुठेही हिंडा, ‘पुत्तूर कट्टु’ अशी पाटी दिसतेच. कट्टु म्हणजे बांधणं. औषधी पाल्याचा लेप, अंड्याचा पांढरा बलक, बांबूच्या कामट्या आणि वरून पट्टी. आपल्याकडेही हाडवैद्य आहेत, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही, आणि मी त्याची टिंगलही करणार नाही. इथल्या कित्येक घरांत कोणाचा ना कोणाचा हात तिथे बसवलेला आहे. पण आत काय झालंय हे न बघता कामट्या बांधायच्या, तेही मनगटासारख्या आठ खड्यांच्या जागी, याला माझी तयारी नव्हती. आधी चित्र, मग पट्टी. लेक व्ह्यू रोडवर (यातला लेक कधीच बुजला, रोड राहिला) पब्लिक हेल्थ सेंटर आहे. एम. सी. सुब्रमण्यम यांनी १९५३ साली सुरू केलेलं हे धर्मादाय रुग्णालय या भागात सगळ्यांना माहीत आहे. अशी एखादी परवडणारी जागा तुमच्याही गावात असते, ती आधी शोधा.

मला ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडम मिळाल्या, त्यांनी पहिल्या दिवशी वजनकाटा काढला. बाथरूममध्ये असतो तो साधा. टेबलावर ठेवून त्यावर तळवा टेकायचा, कोपर सरळ, आणि हळूहळू दाबत जायचं. कळ आली की आकडा वाचायचा. डावा हात २६ किलो. उजवा ८. ‘आता आपल्याकडे भांडायला आकडा आहे,’ त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं. दुखणं सांगता सांगता आपणच ते वाढवतो किंवा लपवतो, काटा दोन्ही करत नाही.

मी विचारलं, क्लाइंबिंग बंद का? त्या म्हणाल्या, सहा आठवडे भिंत बंद, हात बंद नाही. मनगटाला रुंद चिकटपट्टी, गोल आणि घट्ट, पण बोटं निळी पडतील इतकी नाही. उशी घेतल्यासारखा तळवा डोक्याखाली वाकवून झोपायचं नाही. कीबोर्ड थोडा खाली, मनगट सरळ. आणि तांदूळ.

तांदळाचा व्यायाम क्लाइंबर लोकांत जगभर चालतो. बादलीत तांदूळ भरायचे, हात मनगटापर्यंत आत खुपसायचा आणि आत मूठ उघडायची, मिटायची, फिरवायची. चढून चढून आपले मूठ मिटणारे स्नायू दांडगे होतात आणि उघडणारे अशक्त राहतात. तांदळात उघडणाऱ्यांनाही काम मिळतं. दुखेल इतकं खोल जायचं नाही, एवढाच नियम.

मी पाच किलो इडलीचा तांदूळ आणला आणि गच्चीच्या जिन्यात बसून सुरू केलं. मामींनी पाहिलं. त्यांचा चेहरा बघून आधी वाटलं की भाडं वाढणार.

‘अन्नात हात घालून खेळतेस?’

मी समजावलं, औषध आहे. त्या आत गेल्या आणि पोरकिडे लागलेल्या जुन्या तांदळाचा डबा घेऊन आल्या. ‘यात कर. तो चांगला मला दे.’ माझ्या पाच किलोच्या इडल्या झाल्या आणि त्यातल्या निम्म्या मीच खाल्ल्या. आमच्या व्यवहारात मला तोटा झालेला नाही.

हात आडवा-उलटा करण्याचा व्यायाम मात्र कंटाळवाणा. हातोडी टोकाशी धरून तळवा वर, तळवा खाली, पंधरा वेळा. त्याचा कंटाळा मंडपममध्ये गेला. कर्नाटक संगीतातला आदि ताल आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेला तळव्याने थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट अशी मोजणी, मग थाप आणि तळवा उलटा, पुन्हा थाप आणि तळवा उलटा. म्हणजे प्रत्येक आवर्तनात हात दोनदा पूर्ण फिरतो, तेही वजनाशिवाय, हलक्या लयीत. शेजारच्या आजोबांकडे बघत मी ताल धरायला शिकले. एका कृतीत किती आवर्तनं होतात हे मोजलं नाही, पण घरी येऊन हातोडी धरली की हात मोकळा झालेला असायचा. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांच्याकडे मृदंग आणि व्हायोलिन वाजवणारे पेशंट येतात. डिसेंबरच्या मार्गळीत, गावभर मैफली सुरू झाल्या की, जास्तच.

पाचव्या आठवड्यात काटा घरी आणला, उसना. मामी बघत होत्या. म्हटलं, तुम्ही पण करून बघा. त्यांनी हसत तळवा टेकला आणि लगेच उचलला. उजवा ५ किलो. आठपेक्षा कमी. अंगठ्याची बाजू.

किती वर्षं? ‘तशी जुनीच आहे,’ त्या म्हणाल्या. वेट ग्राइंडरमधून पिठाचं भांडं उचलताना दुखतं, कापडी पिशवी धरताना दुखतं, कपडे पिळताना तर दुखतंच. डॉक्टर? ‘याला काय डॉक्टर!’

सहा महिने मला सगळे सांगत होते की चढणं सोड म्हणजे दुखणं जाईल. मामींना कोणी म्हटलं नव्हतं की वाटण सोडा. त्यांचं दुखणं कोणाला दुखणंच वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. दोन वर्षं त्याच हातांची इडली मी खात होते. माझ्या दुखण्याला निदान एक ऐटदार कारण तरी होतं. तुमच्या घरात वजनकाटा असेल तर आज संध्याकाळी आई-आजीचा तळवा त्यावर ठेवून बघा. आकडा कळेल.

मामी मॅडमकडे यायला तयार झाल्या, पण एकट्या नाही. आम्ही शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसून व्यायाम करतो. त्यांना अंगठ्याचा पट्टा मिळालाय. ग्राइंडरचं भांडं आता त्यांचा मुलगा उचलतो, पहिल्या दिवशी त्याने अर्धं पीठ सांडलं म्हणे.

याच काळात पुण्याच्या ग्रुपने बदामीला जायचं ठरवलं. बदामीचा लाल वालुकाश्म, ताठ, कडा असलेला. देशातल्या चांगल्या क्लाइंबिंगच्या जागांपैकी एक. मी नाही म्हटलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. मग त्याच शनिवारी किलांबाक्कमच्या स्टँडवरून बस धरली आणि जिंजीला गेले.

जिंजी तुम्ही इतिहासात वाचली आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेली, आणि राजाराम महाराज १६८९ मध्ये रायगडाकडून निसटून जिथे पोहोचले ती. झुल्फिकार खानाच्या वेढ्यात ती कित्येक वर्षं टिकली आणि १६९८ मध्ये पडली, तोवर राजाराम महाराज बाहेर पडले होते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यात ११ महाराष्ट्रातले आणि हा एक तमिळनाडूतला.

राजगिरी साधारण ८०० फूट. सगळी वाट दगडी पायऱ्यांची, म्हणजे हात खिशात ठेवूनही जाता येतं. (पाण्याची बाटली पाठीवरच्या पिशवीत ठेवा, माकडं हातातली घेतात.) सकाळी लवकर सुरुवात करा, दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. पायथ्याशी कल्याण महाल आहे, धान्याची प्रचंड कोठारं आहेत, आणि एका इमारतीला व्यायामशाळा म्हणतात. कोठारात उभी राहून मला बादलीतला तांदूळ आठवला. वर माथ्याजवळ एक खोल फट आहे, तिच्यावरून छोटा पूल ओलांडून जावं लागतं. भोवती सगळीकडे ग्रॅनाइटचे गोल धोंडे, एकावर एक रचल्यासारखे. मी प्रत्येकावरच्या वाटा डोळ्यांनी चढले. हा संरक्षित किल्ला आहे, इथे हात चांगला असता तरी चढायचं नव्हतं, त्यामुळे जिवाला जरा बरं वाटलं. त्या दगडांवर नजर फिरवताना लक्षात आलं की मी पकड शोधत नव्हते, मनगट कुठे सरळ राहील ते शोधत होते.

आज सकाळचा आकडा उजवा १९, डावा २६. मामी ११. मॅडमनी भिंतीची परवानगी दिली आहे, अटींसकट. मोठ्या, मुठीत मावतील अशाच पकडी. स्लोपर अजून तीन महिने नाही. तळव्यावर अंग उचलायचं नाही, वरून शिडीने उतरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर आकडा २ किलोपेक्षा जास्त घसरला तर पुढचा आठवडा सुट्टी. पावसाळ्यानंतर शहराबाहेरच्या खडकांचं बघू, त्या म्हणाल्या. आईला हे अजून सांगितलेलं नाही, ती हे वाचेल तेव्हा कळेल.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाची लोकल धरते. तुम्ही येणार असाल तर पश्चिमेकडच्या जिन्यापाशी थांबा, पूर्वेकडे भेटायचं ठरवलंत तर त्या गर्दीत आपली चुकामूक होईल. येताना रुंद चिकटपट्टी आणा, माझी संपत आली आहे.